आठ आठवड्यांचा रिपोर्ट, सहा आठवड्यांचं बाळ

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"बाई, मी कोरेगाव तालुक्यातली. मुलगा फौजेत आहे. २ मेला सुट्टीवर आला, ३१ मेला परत गेला. सुनेला दिवस गेलेत. तो घरी असतानाच, २५ मेला, तिने पट्टीवर तपासलं, दोन रेघा आल्या. सगळ्यांना आनंद झाला. १८ जूनला साताऱ्याला सोनोग्राफी केली. रिपोर्टवर 'आठ आठवडे एक दिवस' असं आहे. मी कॅलेंडरवर मागं मोजत गेले तर २२ एप्रिल येतो. तेव्हा मुलगा घरी नव्हता. धाकट्या बहिणीला फोनवर बोलले. तिच्या मुलीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, बाळंतपणाची तारीख २४ जानेवारी, म्हणजे नऊ महिने मागं २४ एप्रिल. तेही तेच. सून चांगली आहे हो. १९ एप्रिलला तिची पाळी आली होती, हे मला पक्कं आठवतं, कारण चार दिवस देवपूजा माझ्याकडे होती. तिची पाळी दोन-चार दिवस लांबतेच नेहमी. रिपोर्टवर तारखा पण दोन आहेत, २४ आणि २७ जानेवारी. बहीण म्हणते मुलाला सांग, डीएनए का काय ते करून घ्या. आठ दिवस झाले, मी सुनेशी धड बोललेले नाही. काय करू?"

ताई,

उत्तर आधी सांगते, पाल्हाळ नंतर. तुमचा हिशेब चुकला आहे. रिपोर्ट बरोबर आहे, कॅलेंडर बरोबर आहे, तुमची बोटंही बरोबर मोजतात. फक्त 'आठ आठवडे' म्हणजे बाळ पोटात आल्याला आठ आठवडे झाले असं तुम्ही धरलंत, आणि तिथं गाडी रुळावरून उतरली. १८ जूनला तुमच्या सुनेच्या पोटातलं बाळ साधारण सहा आठवड्यांचं होतं. सहा आठवडे मागं गेलात तर मे महिन्याचा पहिला आठवडा येतो. तुमचा मुलगा तेव्हा घरी होता.

मग रिपोर्टवर आठ का लिहिलं? कारण गरोदरपणाचे आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजतच नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. जगभर असंच मोजतात, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आणि आमच्या उपकेंद्रातही. मी एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. कार्ड भरताना बाईला पहिला प्रश्न तोच असायचा, "शेवटची पाळी कधी आली होती?" "तुम्ही नवऱ्याबरोबर कधी होता?" असं कधी कोणाला विचारलं नाही, आणि विचारून उपयोगही नसतो. बीज कोणत्या दिवशी फुटलं, गर्भ कोणत्या दिवशी धरला, हे त्या बाईलाही कळत नाही. पाळी आलेली मात्र कळते. म्हणून जी तारीख माहीत असते तिथून मोजायचं, असा हा सोयीचा हिशेब आहे. त्यात पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच. तरी ते मोजणीत धरले जातात.

आता तुमच्या घरचं बघू. पाळी १९ एप्रिलला आली. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. १९ एप्रिलमध्ये चौदा मिळवा: ३ मे. पण तुम्हीच लिहिलंय की तिची पाळी दोन-चार दिवस लांबते. तशी असेल तर बीजही दोन-चार दिवस उशिरा फुटतं. हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. बीज फुटायचा दिवस मागच्या पाळीपासून पुढं मोजायचा नसतो, पुढच्या पाळीपासून मागं मोजायचा असतो. जपानमधल्या ओगिनो नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली हे दाखवून दिलं. पुढची पाळी येण्याआधी सुमारे चौदा दिवस, बारा ते सोळाच्या दरम्यान. म्हणून एकतीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज चौदाव्या दिवशी फुटत नाही, सतराव्याच्या आसपास फुटतं. १९ एप्रिलमध्ये सतरा मिळवा: ६ मे.

आणि सोनोग्राफी काय म्हणते? ती म्हणते आठ आठवडे एक दिवस, म्हणजे मागं मोजून २२ एप्रिल. ही २२ तारीख तुमच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली आहे, म्हणून नीट ऐका. मशीनला पाळी माहीत नसते. ते बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतं. या वयाला ती दीड-पावणेदोन सेंटीमीटर असते. तुमच्या कोरेगावच्या भाषेत सांगायचं तर वाघ्या घेवड्याच्या दाण्याएवढी. एवढ्या लांबीचं बाळ साधारण किती दिवसांचं असतं याचे तक्ते १९७०च्या दशकात ग्लासगोच्या डॉक्टरांनी तयार केले, तेव्हापासून जगभर ही पद्धत चालते. पण त्या मशीनलाही पाळीच्या भाषेतच बोलायला शिकवलंय. लांबीवरून बाळाचं वय काढलं की त्यात ते आपणहून दोन आठवडे मिळवतं. म्हणजे मशीनची २२ एप्रिल ही गर्भ राहिल्याची तारीख नाही. "या बाळाच्या मानाने पाळी २२ एप्रिलला आली असावी" असा तो अंदाज आहे. त्यात चौदा मिळवा: ६ मे.

एका बाजूने ३ मे, दुसऱ्या बाजूने ६ मे. आठ-नऊ आठवड्यांच्या सोनोग्राफीत चार-पाच दिवसांचा मागंपुढं फरक धरूनच चालतात, तेव्हा हे तीन दिवस कुठल्या कुठं जिरून जातात.

खरं सांगू का, मशीनची गरजच नव्हती. उत्तर तुमच्याच पत्रात होतं. १९ एप्रिलला पाळी आली आणि चार दिवस पूजा तुमच्याकडे होती, हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत. म्हणजे २२ एप्रिल हा तिचा चौथा दिवस. ज्या दिवशी ती बाहेरची होती, त्याच दिवशी तिला दिवस राहिले असं तुम्ही मनात धरून बसलात! सुनेला चार दिवस देवघरापासून लांब ठेवण्याची चाल मला पटत नाही, ते भांडण वेगळं आणि मी ते सोडणार नाही. पण या वेळी त्या चालीमुळे तुम्हीच सुनेच्या साक्षीदार झालात.

कधीकधी गर्भ धरल्यावर थोडासा डाग लागतो आणि बाई त्यालाच पाळी समजते, हे मी पाहिलंय. मग तारखा एका महिन्याने चुकतात. पण तसं असतं तर सोनोग्राफीत बाळ महिनाभर मोठं दिसलं असतं. इथं ते उलट दोन-तीन दिवस लहानच दिसतंय. आणि २५ मेची पट्टी? मुलगा येऊन तेवीसच दिवस झाले होते, एवढ्यात दोन रेघा कशा, असंही तुमच्या मनात असेल. पाळी चुकायच्या वेळेपर्यंत, म्हणजे गर्भ राहिल्यापासून साधारण दोन आठवड्यांत, पट्टी बोलायला लागते. तिची पाळी १७ ते २० मेच्या सुमारास यायची होती. २५ मेला दोन रेघा दिसणं हे घड्याळाच्या काट्यासारखं आहे.

आता भाचीच्या मोबाइलचं. बाळंतपणाची तारीख २४ जानेवारी, ती बरोबर. पण तिथून नऊ महिने मागं जाऊन गर्भ राहिल्याचा दिवस निघत नाही. पाळीपासून बाळंतपणापर्यंत २८० दिवस धरतात, गर्भ राहिल्यापासून २६६. नऊ महिन्यांचे दिवस होतात २७५च्या आसपास. हा आकडा ना इकडचा ना तिकडचा. २४ जानेवारीपासून २६६ दिवस मागं गेलं तर येतो ३ मे. तोच.

रिपोर्टवर दोन तारखा बघून तुम्ही घाबरलात, म्हणून आणखी दोन तुमच्या पदरात टाकते. २४ जानेवारी ही १९ एप्रिलपासून २८० दिवस मोजून येते. २७ जानेवारी मशीनच्या मापावरून. आम्हाला ट्रेनिंगमध्ये नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांचा नियम शिकवायचे. जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे: पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा, महिन्यातून तीन वजा करा. १९ एप्रिलचे होतात २६ जानेवारी. दोन दिवसांचा फरक येतो, कारण काही महिने तीस दिवसांचे, काही एकतीसचे. आणि आपल्या आज्या काय म्हणायच्या? नऊ महिने नऊ दिवस. १९ एप्रिलवर नऊ महिने म्हणजे १९ जानेवारी, वर नऊ दिवस म्हणजे २८ जानेवारी. जर्मन डॉक्टर नऊ महिने सात दिवस म्हणतो, आपली म्हातारी नऊ महिने नऊ दिवस. दोघांचं मोजणं एकच. फक्त आज्यांनी ते कुठून मोजायचं हे वाक्यात सांगितलं नाही, आणि पुढच्या पिढ्यांनी ते नवरा घरी आल्यापासून मोजायला सुरुवात केली.

२४, २६, २७, २८. डॉक्टर यातली एकच तारीख कार्डावर ठेवतील. लवकरच्या सोनोग्राफीत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला तर सोनोग्राफीची धरतात, नाहीतर पाळीची. तुमच्याकडे तीनच दिवसांचा आहे, तेव्हा २४ जानेवारी. पुढं सातव्या-आठव्या महिन्यात सोनोग्राफी होईल तेव्हा मशीन कदाचित आणखी वेगळी तारीख दाखवेल. तेव्हा पुन्हा पेन घेऊन बसू नका. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाचं माप खरं. नंतर कुणाचं बाळ आडव्या अंगाचं, कुणाचं किरकोळ. शेवटच्या तीन महिन्यांत मशीन दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतं. पहिली तारीख ठरली की ठरली.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत पण विचाराल, ते. "बाई, चार-पाच दिवसांचा फरक धरतात म्हणता, मग २ मेच्या आधीचंही असू शकतं की!" प्रामाणिक उत्तर देते. कोणतंही मशीन, कोणताही डॉक्टर गर्भ राहिल्याचा एक नेमका दिवस सांगू शकत नाही. अपवाद टेस्ट ट्यूब बाळाचा, तिथं बीज बाहेर काढल्याचा दिवस लिहिलेला असतो. एरवी सांगता येतो तो एक आठवडा. त्यातही पुरुषाचं बीज बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं आणि बाईचं बीज जेमतेम एक दिवस, त्यामुळे जवळ आल्याचा दिवस आणि गर्भ राहिल्याचा दिवस एकच असतो असंही नाही. मुलगा २ तारखेला आला, बीज ३ ते ६च्या दरम्यान कधीतरी फुटलं असणार. यापुढं मी त्यांच्या खोलीचं दार ठोठावणार नाही आणि तुम्हीही ठोठावू नका. तुमच्या मनात जो संशय आला तो एका चुकीच्या बेरजेमुळे आला, दुसरं काही कारण तुम्ही लिहिलेलं नाही. बेरीज दुरुस्त झाली. आता नवीन बेरीज शोधायला बसणं म्हणजे संशयाला मुद्दाम पाणी घालणं.

डीएनएचं नाव घरात काढू नका. लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच मानतो, हे कलम १८७२च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात होतं आणि २०२३च्या नव्या कायद्यातही तसंच ठेवलंय. गंमत म्हणजे त्यातही २८० दिवसच आहेत, लग्न मोडल्यानंतर एवढ्या दिवसांत झालेल्या मुलासाठी. आणि नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी ऊठसूट करायला लावू नका, असं सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय. तुमच्या घरात तर भांडणही नाही. सीमेवर उभ्या असलेल्या पोराला फोनवर हे सांगून काय होईल, याचा विचार तुमच्या बहिणीने केलेला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण जानेवारीत गाव तुमच्या दारात मोजायला येणार आहे. पाळीपासून सदतीस आठवडे पूर्ण झाले की बाळ अपुऱ्या दिवसांचं म्हणत नाहीत. १९ एप्रिलपासून सदतीस आठवडे ३ जानेवारीला भरतात. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच, बाकीची मागंपुढं. समजा तुमच्या सुनेचं बाळ ८ जानेवारीला आलं, चांगलं पावणेतीन किलोचं. पोरगा २ मेला आला होता हे गावाला पाठ आहे. गाव बोटं मोजेल, आठ महिने सहा दिवस. कुणी म्हणेल बाळ अपुऱ्या दिवसांचं, कुणी याहून वाईट म्हणेल, वजन बघून तर नक्कीच म्हणेल. ते म्हणतील तेव्हा दारात तुम्ही उभ्या असायला हव्यात, सून नव्हे. फौजींच्या गावांत मी हे पुष्कळदा पाहिलंय. एका घरी बारशाच्या दिवशी अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा सासूने भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख आणि सुनेच्या पाळीची खूण, सगळं एकाच पानावर होतं. "मोजा," म्हणाली, "चहा ठेवते तोवर."

जाता जाता, आठव्या महिन्यातलं बाळ जगत नाही आणि सातव्यातलं जगतं, असं कुणी सुनेला ऐकवलं तर त्यालाही थांबवा. पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ बळकट, सरळ गोष्ट आहे. आणि सातवा महिना तिचा १९ ऑक्टोबरला लागेल, डोहाळजेवणाची तारीख काढताना पुन्हा २ मेपासून मोजू नका!

सुनेला हे सगळं सांगून माफी मागावी का? पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्यासारखी बाई विचारेलच. माझं मत, नको. संशय आला होता असं सांगितलंत तर तुमचं ओझं उतरेल, पण ते तिच्या डोक्यावर जाऊन बसेल, तेही उलट्या होत असताना, नवरा जवळ नसताना. ती जन्मभर विसरणार नाही. तिने आपणहून विचारलं, "आई, तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?" तर खोटं बोलू नका. तारखा मला कळल्या नाहीत, मी घाबरले, आता कळल्या, एवढं सांगा. नाहीतर आज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून मेथी निवडायला घ्या. आठ दिवसांचा अबोला असाच सुटतो.

या तारखांचा खरा उपयोग तिच्या तपासण्यांसाठी आहे. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एक सोनोग्राफी होते, तुमच्या हिशेबाने ५ ते २५ जुलै. त्यानंतर अठरा ते वीस आठवड्यांची, त्यात बाळाचे सगळे अवयव बघतात, ती २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. बारा आठवडे १२ जुलैला पूर्ण होतात, त्याच्या आत आशाताईकडे नाव नोंदवून कार्ड करून घ्या. कार्डावर पाळीची तारीख १९ एप्रिल लिहिली आहे ना ते स्वतः बघा, घाईत चुकीचा आकडा पडला तर पुढचे सगळे आठवडे चुकतात. लोहाच्या गोळ्या त्यानंतर सुरू होतील, आत्ता फॉलिक ॲसिडची चालू आहे ना विचारा. आणि सोनोग्राफीला तुम्ही जा तिच्याबरोबर. १८ जूनला बहुधा गेला नव्हतात. गेला असतात तर डॉक्टरांनी तिथंच दोन मिनिटांत समजावलं असतं. मुलगा की मुलगी हे मात्र विचारायचं नाही, सांगणारा आणि विचारणारा दोघेही तुरुंगात जातात.

राहिली बहीण. तिच्या घरी आता ही गोष्ट भाचीलाही माहीत आहे, म्हणजे ती अजून कुठं जायच्या आत आवरायला हवी. उद्यावर टाकू नका, आज जेवणं झाली की फोन करा. भाचीलाही जवळ बसवायला सांगा. रागावू नका, समजावतही बसू नका. म्हणावं, कागद-पेन घे, १९ एप्रिल लिही, त्यात चौदा दिवस मिळव, आणि काय येतं ते तूच मला सांग.